कमरेला ढोल, कमरेलाच पिस्तूल

टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

बाई मूळच्या सिंधुदुर्गातल्या. नवरा एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलगा आठ वर्षांचा. तिघंही मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकात आहेत आणि गणपतीच्या तालमी दर रविवारी गावच्या सार्वजनिक बागेत चालतात. पथकातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना सगळे 'दादा' म्हणतात. दादा अमेरिकन नागरिक, पेट्रोल पंपाला लागून त्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे पिस्तूल रोखून लूट झाली. तेव्हापासून ते पिस्तूल बाळगतात, आणि या वर्षीपासून ते सदऱ्यावर, सगळ्यांना दिसेल असं कमरेला लावतात. तालमीलाही तसेच येतात, ढोल त्यावरच बांधतात, आणि वाजवताना ढोलाची कड होल्स्टरवर (पिस्तुलाच्या खोळीवर) आपटते. बाईंनी एकदा हळूच विषय काढला तर "हा माझा घटनेने दिलेला हक्क आहे, टेक्ससात राहायचं तर सवय करून घ्या," असं उत्तर आलं. कमिटीत दोन तट पडलेत. दादांची देणगी सर्वांत मोठी असल्यामुळे बहुतेक जण गप्प आहेत. नवरा म्हणतो, "उगाच घाबरतेस. मी गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन आलो, काही होत नाही." बाईंचे प्रश्न असे: हे बेकायदेशीर नाही का? पोलिसांना कळवू का? की मंडळच सोडू? आणि आपल्या मराठी संस्कारांत हे बसतं तरी का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडखळले. ती ओळ दादांबद्दलची नाही. नवरा रेंजवर जाऊन आला, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ती आहे. म्हणून विचारलेल्या प्रश्नांच्या आधी न विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायची नाहीत. एच-१बी त्यात आला, तुमचा एच-४ असेल तर तो आला, एल-१ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला, आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तो बी-२ सुद्धा आला. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेऊन घरात ठेवणं, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलं किंवा मित्राचं पिस्तूल हातात धरून दहा गोळ्या झाडल्या, तर तेवढा वेळ ते तुमच्याच ताब्यात होतं, असं सरकार म्हणू शकतं. टेक्ससचे नियम कितीही सैल असले तरी हा नियम केंद्राचा आहे, राज्याच्या सवलतीने तो पुसला जात नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. शिवाय बंदुकीचा गुन्हा शाबीत झाला की हद्दपारीचं कलम वेगळं लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं असणं म्हणजे ग्रीन कार्ड हातात असणं नव्हे, ही गोष्ट तुमच्या नवऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही.

कायद्यात काही अपवाद आहेत. नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. पण तो रेंजवर जाताना खिशात असावा लागतो, नंतर काढून भागत नाही. तुमच्या नवऱ्याकडे तो होता का, हे आज रात्रीच विचारा. नसेल तर घाबरून जाऊ नका. एकदा रेंजवर गेल्यामुळे उद्या दारात कोणी येऊन उभं राहील, असं मी म्हणत नाही. मात्र इमिग्रेशनच्या एका वकिलाशी बोला, आणि तो तुमचा स्वतःचा वकील असू द्या. कंपनीने नेमलेला वकील कंपनीचंही हित बघत असतो. त्याला विचारल्याशिवाय फोटो पुसणं, पोस्ट काढून टाकणं असलं काही आपल्या मनाने करू नका. आणि पुन्हा रेंजवर जाणं तूर्त बंद.

हे सगळं इतकं खोलात लिहिण्याचं कारण असं की दर दिवाळी-पाडव्याला मला असे फोटो दिसतात. ऑफिसची टीम रेंजवर, सगळ्यांच्या कानांना बोंड्या, हसरे चेहरे. किंवा सांगलीहून आलेले सासरे, पांढरा सदरा, हातात जावयाच्या मित्राची रायफल. जावयाच्या मित्राने कौतुकाने दिलेली असते, सासऱ्यांनी कौतुकाने धरलेली असते. त्या कौतुकात कायद्याचा विचार कोणाच्याच मनात नसतो. वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या व्हिसांची यादी मनातल्या मनात एकदा करावी.

आता दादा.

तुमचा पहिला प्रश्न, हे बेकायदेशीर नाही का. बागेपुरतं बोलायचं तर नाही. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने ज्याला मनाई नाही अशा माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, आणि दिसेल असं बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये हवं. सार्वजनिक बागेत ते आणू नका असं गावची नगरपालिकासुद्धा सांगू शकत नाही, कारण राज्याने तो अधिकार नगरपालिकांना ठेवलेला नाही. लोक घाबरावेत या हेतूने शस्त्र मिरवणं हा मात्र गुन्हा आहे. दादा तसं करत असल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. ते होल्स्टरमध्ये ठेवतात, हात लावत नाहीत, ढोल वाजवतात आणि घरी जातात.

म्हणजे दादा बरोबर आणि तुम्ही चूक, असं मात्र नाही. "टेक्ससात राहायचं तर सवय करून घ्या" हे त्यांचं वाक्य मला तपासून घ्यावंसं वाटतं. टेक्सस म्हणजे कमरेला पिस्तूल हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सिनेमांनी घातलं आहे. प्रत्यक्षात या राज्याने १८७१ सालीच पिस्तूल बाळगून फिरण्यावर बंदी घातली होती. प्रवासी वगैरे अपवाद होते, पण उघड पिस्तूल लावून बाजारात हिंडण्याची मोकळीक परवानाधारकांना मिळाली ती थेट १ जानेवारी २०१६ ला. मधली जवळजवळ दीडशे वर्षं टेक्ससच्या बापजाद्यांनी कमरेला उघड पिस्तूल न लावताच बाजारहाट केला. तेव्हा सवय करून घ्यायची म्हणतात ती तिथल्या मातीतली जुनी सवय नाही, अगदी अलीकडची आहे.

त्या २०१६ च्या जानेवारीत माझी आई माझ्याकडे ह्यूस्टनला आली होती. किराणा दुकानात पैसे द्यायच्या रांगेत आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. ट्रॉलीत दुधाचा मोठा कॅन, केळी, मांजराच्या खाण्याची पिशवी. उजव्या कमरेला तपकिरी चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. आम्ही मागे कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन उभ्या. आईने माझा दंड धरला आणि मालवणीत हळूच विचारलं, "पोलीस आसा काय गो तो?" मी म्हटलं, नाय. "मगे?" त्या 'मगे'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गृहस्थांनी मागे वळून आईला "हॅव अ ब्लेस्ड डे, मॅम" म्हटलं आणि ते निघून गेले. आईने पार्किंगमध्ये येईपर्यंत माझा दंड सोडला नाही. तुमच्या पत्रातली भीती मला माझ्या दंडावर आठवते, म्हणून ती भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्याच आईच्या माहेरी, सावंतवाडी तालुक्यात, माजघराच्या भिंतीला दोन खुंट्यांवर बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना होता आजोबांकडे. रानडुकरं भातात शिरली, माकडं माडावर आली की आजोबा बार काढायचे. काडतुसं वेगळी, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला. निवडणूक जाहीर झाली की बंदूक खाकी कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती पंचांगात ठेवायची. तुम्ही त्याच जिल्ह्यातल्या. तुमच्या वाडीतही असं एखादं घर असणार. दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहतो. म्हणून "आपल्या संस्कारात बसतं का" हा प्रश्न दादांना विचारू नका. ते शिवरायांच्या भवानी तलवारीपासून सुरुवात करतील आणि पुढचा तास वाया जाईल.

आजोबांच्या आणि दादांच्या बंदुकीत फरक आहे तो वेगळाच. भारतात शस्त्र बाळगणं ही सरकारने दिलेली परवानगी आहे, आणि ती कधीही परत मागता येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यापासून ते आजवर तसंच आहे, निवडणुकीला बंदूक जमा होते ती त्यामुळेच. अमेरिकेत तो हक्क मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे, आणि २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात तो घराबाहेरही नेला. दादा 'घटनेने दिलेला हक्क' म्हणतात तेव्हा ते थाप मारत नाहीत. आपण परवानगीच्या मुलुखातून आलो, ते हक्काच्या मुलुखात मुरले. एकच शब्द दोघं दोन अर्थांनी वापरताय.

आणि तो हक्क लोकांना का हवासा वाटतो, हेही समजून घ्या. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्ससमधल्या किलीन गावात एका माणसाने लूबीज नावाच्या खाणावळीच्या काचेतून गाडी आत घातली आणि २३ जणांना ठार केलं. सुझॅना ग्रेशिया हप यांचे आई आणि वडील दोघंही त्यात गेले. सुझॅनांची स्वतःची रिव्हॉल्व्हर होती, पण तेव्हाच्या कायद्याला धरून ती त्यांनी बाहेर गाडीत ठेवली होती. पुढे त्या गावोगाव हेच सांगत फिरल्या, आणि १९९५ मध्ये कपड्याखाली पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा कायदा टेक्ससमध्ये झाला त्यामागे त्या दिवसाच्या आठवणींचं मोठं बळ होतं; नंतर त्या आमदारही झाल्या. दादांच्या कपाळासमोर नळी आली होती, ताई. त्या दिवसानंतर गल्ल्यामागे उभं राहताना त्यांच्या पायांत काय होत असेल, हे पथकातल्या कोणी त्यांना विचारलंय का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ते तुम्हाला भिववायला पिस्तूल लावतात, असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं तेच अजून भ्यालेले आहेत.

तुमची भीतीही हवेतली नाही. ॲलनचा आउटलेट मॉल तुमच्यापासून फार लांब नाही. ६ मे २०२३ ला तिथे गोळीबारात आठ जणांचा बळी गेला, त्यात हैदराबादकडून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. त्या शनिवारी तिथे खरेदीला गेलेली मराठी घरं तुमच्या मंडळातही असतील. एकाच गोष्टीला दोन माणसं दोन दिशांनी घाबरलेली आहेत, एकाला पिस्तूल असल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही आणि दुसरीला ते नसल्याशिवाय. हा वाद कायद्याच्या पुस्तकाने मिटणार नाही.

कायदा मात्र दुसऱ्या एका बाबतीत तुमच्या बाजूने आहे, आणि ती बाजू तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. दादांना हक्क आहे की नाही, या प्रश्नावर तुम्ही अडून बसलाय. हक्क आहे. विचारायचं असतं ते हे, की जागा कोणाची. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते. तुमचे नाही, मंडळाचे नाही, दुकानदाराचे नाही. खाजगी जागेचा धनी "इथे पिस्तूल नको" म्हणाला तर ते टेक्ससमध्येही पाळावं लागतं. व्हॉटाबर्गर ही तर अस्सल टेक्ससची हॉटेलं. त्यांनी २०१५ मध्येच जाहीर केलं की आमच्याकडे उघड पिस्तूल चालणार नाही. एच-ई-बी या किराणा दुकानांनीही तेच धोरण ठेवलं. एल पासोच्या दुकानात ३ ऑगस्ट २०१९ ला २३ जणांचे प्राण गेले त्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने गिऱ्हाइकांना उघड शस्त्र न आणण्याची विनंती केली. यातल्या कोणी घटनेचा अपमान केला नाही. हा समतोल कुठे ठेवायचा यावर राज्याराज्यांत भांडणं चालू आहेत. हवाईने उलटा नियम केला, की खाजगी दुकानात धन्याने होकार दिल्याशिवाय पिस्तूल आणायचंच नाही, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टेक्ससात मात्र रीत अशी की धन्याने नाही म्हणेपर्यंत चालतं, आणि 'नाही' म्हटल्यावर चालत नाही.

ते 'नाही' कसं म्हणायचं याचे नियम बारीक आहेत. दारावर पाटी लावायची तर तिच्यावर कायद्याने ठरवलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, अक्षरं किमान एक इंच उंचीची, आणि पाटी प्रत्येक प्रवेशाशी सहज दिसेल अशी. परवानाधारकाने उघड लावलेलं पिस्तूल, त्याने कपड्याखाली ठेवलेलं पिस्तूल आणि बिनपरवान्याचं पिस्तूल, यांसाठी दंडसंहितेची वेगवेगळी कलमं आहेत आणि पाट्याही वेगवेगळ्या. सुंदर अक्षरात मराठीतून लिहिलेल्या विनंतीला कायद्याचा आधार नाही. पण जागेच्या धन्याने, किंवा त्याच्या वतीने बोलायचा अधिकार असलेल्या माणसाने, तोंडावर स्पष्ट सांगितलं तर ते चालतं. सांगितल्यावरही माणूस गेला नाही तर साध्या दंडावर भागत नाही, गुन्हा मोठा होतो.

म्हणून हॉलचं भाडं ठरवताना करारात एक ओळ घालून घ्या की कार्यक्रमापुरता हा अधिकार मंडळाच्या अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे. पाट्या हॉलवाल्यांकडे बहुतेक वेळा तयार असतात, विचारलं की मिळतात. देवळात कार्यक्रम असेल तर विश्वस्तांना विचारा. २०१९ पासून टेक्ससच्या प्रार्थनास्थळांतही परवानाधारकाला पिस्तूल नेता येतं, विश्वस्तांनी मनाई केली नसेल तर. पुष्कळ देवळांच्या कमिट्यांना हे अजून ठाऊक नाही, आणि चपला कुठे काढायच्या याची पाटी असते तिथे ही पाटी नसते.

तुमचा गणेशोत्सव मात्र बहुधा शाळेच्या सभागृहात होतो. आपली बहुतेक मंडळं शाळाच भाड्याने घेतात, स्टेज बरं असतं आणि भाडं झेपतं. तसं असेल तर पाटीचाही प्रश्न नाही. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं, शाळेची लेखी परवानगी नसेल तर, टेक्ससमध्ये गंभीर गुन्हा आहे: २ ते १० वर्षं कैद. सुट्टीचा दिवस, शाळेची पोरं नाहीत, कार्यक्रम आपला खाजगी, या कशानेही फरक पडत नाही. ही गोष्ट दादांना ठाऊक आहे का? असेल अशी आशा करू या, कारण गेल्या वर्षी आरतीला ते कपड्याखाली काय घालून उभे होते, याचा विचार करून मला लिहिता लिहिता कसंसं झालं. ही माहिती त्यांना बजावायची म्हणून देऊ नका, त्यांच्या काळजीपोटी द्या. अशा गुन्ह्यात अडकले तर त्यांचा पिस्तुलाचा हक्कच पहिल्यांदा जाईल.

पोलिसांना फोन करायचा का? दादांनी पिस्तूल बाहेर काढलं, कोणावर रोखलं, धमकी दिली, दारू पिऊन आले, तर क्षणाचाही विचार न करता ९११ या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. नुसतं कमरेला आहे म्हणून करू नका. ओहायोतल्या बीव्हरक्रीक गावात ५ ऑगस्ट २०१४ ला एक २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण वॉलमार्टमध्ये तिथल्याच फळीवरची छर्ऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. एका गिऱ्हाइकाने ९११ ला कळवलं की एक माणूस लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि पाहताक्षणी गोळ्या झाडल्या. ओहायोत उघड बंदूक बाळगणं कायदेशीर होतं. त्याचा त्या पोराला काडीचा उपयोग झाला नाही. तुमच्या भीतीतून निघालेला एखादा चुकीचा शब्द फोनच्या त्या टोकाला सैल पडत नाही, तो तसाच पोलिसांपर्यंत पुढे जातो. फोन करायचीच वेळ आली तर डोळ्यांनी दिसतंय तेवढंच सांगा: माणूस कसा आहे, पिस्तूल कुठे आहे, हात कुठे आहेत.

याच गोष्टीची दुसरी बाजू दादांच्या कानावर घालण्यासारखी आहे. ७ जुलै २०१६ ला डॅलसच्या मध्यभागी मोर्च्याच्या वेळी पाच पोलिसांना गोळ्या घालून मारलं गेलं. मोर्चात काही लोक कायद्याने, उघडपणे रायफली घेऊन आले होते. त्यातल्या एका निरपराध कृष्णवर्णीय माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर पसरवला. त्याने आपणहून बंदूक पोलिसाच्या हवाली केली म्हणून बरं. तेव्हाचे पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राऊन नंतर बोलून दाखवत होते की गोळीबार सुरू झाल्यावर हातात बंदूक असलेल्यांतला चांगला कोण आणि वाईट कोण हे कळणं किती कठीण आहे. दादा सावळे आहेत, त्यांच्या इंग्रजीला आपला हेल आहे. ताण चढलेल्या एखाद्या नव्या पोलिसाला त्यांच्या घटनात्मक हक्काच्या आधी काय दिसेल, हे त्यांनी स्वतःच्या जिवासाठी मनात आणावं. बाळगायचंच तर कपड्याखाली बाळगा, असं सांगणारे बंदूकवाले या देशात भरपूर आहेत. उघड लावलं की हल्लेखोराची पहिली नजर आपल्यावर जाते, हे त्यांचंच म्हणणं.

राहता राहिली बाग, जिथे कायदा तुम्हाला काही देत नाही. तिथे ढोल उपयोगी पडेल. तुम्ही लिहिलंय की ढोलाची कड होल्स्टरवर आपटते. हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. मी दहा वर्षं पथकात वाजवलंय. ढोल कमरेला आवळून बांधलेला, पुढे झुकून टिपरू मारायचं, उडी घेऊन वळायचं, घामाने पट्टा सरकलेला. प्रत्येक ठोक्याला ढोलाचं लाकडी अंग मांडीवर आणि कंबरेवर बसतं. माझ्या कंबरेवर गणपतीनंतर पंधरा दिवस काळानिळा चट्टा असायचा. तिथे भरलेलं पिस्तूल असेल तर होल्स्टरची पकड ढिली पडू शकते, पिस्तूल निसटून गवतात पडू शकतं, आणि गवतात कोण असतं? ताशाच्या मागे धावणारी तुमची आठ वर्षांची पोरं. शस्त्र आपल्या काबूत असणं हा बंदूक बाळगणाऱ्यांचा पहिला धडा. दादा तो शिकलेले आहेत. "तुमचा हक्क" या विषयावर ते तुमच्याशी भांडतील. "दादा, ढोल आणि पिस्तूल एका कमरेवर मावत नाही" यावर भांडायला त्यांच्याकडे काही नाही, कारण ते त्यांनाही कळतं.

तेव्हा एकटीने, फोनवर, किंवा चहाला त्यांच्या दुकानात जाऊन बोला. आधी लुटीच्या रात्रीबद्दल विचारा आणि ते सांगतील ते मधे न बोलता ऐका. मग ढोलाचं बोला. नियम मात्र दादांच्या नावाने करू नका, सगळ्यांसाठी करा आणि कमिटीच्या सहीने पाठवा. तालमीच्या जागी येऊन पिस्तूल काढून गाडीत ठेवणं हाही उपाय नव्हे; काढघाल करतानाच अपघात होतात, आणि काच फोडून गाडीतली पिस्तुलं चोरीला जातात. घरच्या किंवा दुकानच्या तिजोरीतून ते निघूच नये. देणगीचं म्हणाल तर, दादा पैसे काढून घेतील असं कमिटीतल्या लोकांनी ठरवून टाकलंय. त्यांना कोणी विचारलेलं नाही. एवढी वर्षं ज्याने गणपतीला पैसे दिले त्याच्याबद्दल इतकं हलकं गृहीत धरू नये.

मंडळ सोडायची गोष्ट एवढ्यात नको. नियम मोडून ते तसेच येत राहिले तर मुलाला तालमीला पाठवू नका आणि का नाही ते लेखी कळवा. तो तुमचा हक्क, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. मुलगा कोणाकडे खेळायला जातो तेव्हा "घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या असतात का" हे विचारायला लाजू नका. आपण शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो तितक्याच सहज विचारायचं. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, त्यामुळे जबाबदार माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. दादांच्या घरीही विचारा.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. इलिनॉयमध्ये उघड पिस्तूल चालत नाही. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरल्या बंदुका घेऊन ओकलंडच्या रस्त्यांवर उतरल्यावर कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरण्यावर बंदी आणली, आणि सही केली ती तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. फ्लोरिडात १९८७ पासून असलेली बंदी अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये उडवली. गाडीने अधिवेशनाला निघालात आणि सोबत कोणाकडे पिस्तूल असेल, तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम निघण्याआधी बघा.

पथकाला पाठवायचा मजकूर तुमच्यासाठी लिहून ठेवलाय, हवा तसा बदला:

"मंडळी, या रविवारपासून सर्व वादकांसाठी एक नियम. तालमीला आणि मिरवणुकीला कमरेला ढोलाच्या पट्ट्याशिवाय काहीही बांधायचं नाही: किल्ल्यांचे जुडगे, फोनची पाकिटं, चाकू, पिस्तूल, काहीच नाही. ढोलाच्या धक्क्याने वस्तू निसटते आणि खाली लहान मुलं असतात. मुख्य कार्यक्रम शाळेच्या इमारतीत आहे, तिथे पिस्तूल आणणं, कपड्याखाली असलं तरीही, टेक्ससच्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे. शंका असेल तर अध्यक्षांना फोन करा. तालीम चार वाजता, पाण्याच्या बाटल्या आणा, ऊन फार आहे."